रंग खोटा सांगायचा नाही

शपथेवर सांगतो ताई, आंधळे होते. ठार आंधळे. चांदीला झाळ लावायला मला ज्यांनी शिकवलं ते माझे गुरुजी — वय वर्षं ब्याऐंशी, दाढी बेंबीपर्यंत, इतकी की बर्नर पेटवायच्या आधी तिला गाठ मारून शर्टात कोंबायचे. ह्यात एक अक्षर खोटं असेल तर हा चिमटा माझ्या नाकाला चिकटो. हसताय तुम्ही. पेटत्या ज्योतीसमोर आंधळा माणूस बसेल कसा, असंच ना? बसायचे. आता ठार म्हणजे — अगदीच ठार नाही. कडेकडेचं दिसायचं, मधलं गेलं होतं. म्हणजे तुम्ही दारातून आत आलात तर दाराची चौकट दिसणार, तुमची पिशवी दिसणार, चपला दिसणार, आणि तोंडाच्या जागी नुसता धुरकट गोळा. आवाजावरून ओळखायचे माणूस. आणि ब्याऐंशी नसतील कदाचित, सत्तर धरा — अहो बसा ना, उठताय कशाला. बाई नाहीत म्हणजे दुकान बंद असं थोडंच आहे? पाटीवर त्यांचं नाव आहे, बावीस वर्षं इथे हात त्यांचाच चालतो, सगळं कबूल — पण मीही काही नुसता स्टुलावर मांडून ठेवलेला नवरा नाही. बाई तार आणायला गेल्यात, चांदीची तार. बहिणीला घेऊन. तार आणायला बहीण कशाला? जड असते तार. दाखवा, काय झालंय?

हं. दांडी निघाली. कानात घालायची दांडी मुळापासून सुटली, फूल शाबूत. हे जोडीतलं दुसरं धड आहे ना — ते तुमच्याकडेच ठेवा, पर्समध्ये, चेन लावून. नाही, घाबरण्यासारखं काही नाही, धड वस्तू माझ्या हाताशी ठेवायची नाही असं आमच्या दुकानात ठरलंय, एवढंच. खडा नाही ना कुठे? सुटलो. खडा असता तर मी हात जोडले असते. कधी पाहिजे? पाचच्या आत. म्हणजे आजच्या पाचच्या? कुठे जायचंय का कार्याला? नाही. मग? … अच्छा. अच्छा. तुमचं नाहीच हे. जावेचं. आणि जावेला ठाऊक नाही. आणि जाऊ गावाहून येणार पाचला. — छे, मी कुठे काय म्हणालो? न विचारता कपाटातून घेतलं ह्याला घरातल्या घरात कोणी चोरी म्हणत नाही. मी मेहुण्याचा कोट असाच नेलाय, अकरा वर्षं झाली, अजून शोधतोय तो, परवा मीसुद्धा त्याच्याबरोबर शोधायला लागलो. पण जाऊ म्हणजे — मोठी का धाकटी? मोठी. बापरे. मग बसाच तुम्ही. दहा मिनिटं. फार तर वीस.

बोलत राहिलो तर चालेल ना? गप्प बसलो की मला काम सुचत नाही. ही बघा, ही झाळ. हीसुद्धा चांदीच, पण लवकर वितळणारी. मोहरीएवढा तुकडा कापायचा. मला सुरुवातीला वाटायचं झाळ म्हणजे डिंक, लावला की चिकटलं. माझी पहिली अंगठी — दोन टोकं काही जुळेनात, मधे फट, म्हटलं भरून निघेल. गुरुजी बोटाने चाचपून म्हणाले, फटीत झाळ टिकत नाही, टोकं अशी भिडव की मधून केस जाता कामा नये. भिडवली. म्हणजे भिडवल्यासारखी केली. आणि ज्योत धरली थेट झाळेवर. चूक. ज्योत वस्तूला द्यायची असते, सगळ्या अंगाला, वस्तू तापली की झाळ आपल्या पायाने चालत येते. माझी झाळ गोळा होऊन बसली फुगून एका बाजूला आणि अंगठी थंड. मग मला राग आला. रागाने तापवली अंगठी. ताई, चांदी आधी लाजल्यासारखी लाल होते, मग अंगभर चकाकते, आपल्याला वाटतं वा, काय तेज आलंय — आणि पापणी लवेपर्यंत अंगठी गायब. खाली तापवायच्या विटेवर नुसता चांदीचा वाटाणा. असल्या वाटाण्यांची बाटली भरलीय, ती फळीवर दिसते ना, तीच. कोणी विचारलं तर सांगतो नवीन पद्धतीचे मणी आहेत. दोन विकले गेले.

आणि हे आंबट पाणी. झाळ बसली की वस्तू ह्यात टाकायची, काळपटपणा जातो. काढायची ह्या तांब्याच्या चिमट्याने. लोखंडाचा चिमटा त्यात बुडवायचा नाही, बुडवायचा नाही, बुडवायचा नाही — मला पंचवीस वेळा सांगितलं. सव्विसाव्या वेळी तांब्याचा सापडेना. पाण्यात अकरा नग होते, लोकांची कामं, आठवड्याची. सगळे गुलाबी. त्या पाण्यात आधीच्या कामांचं तांबं उतरलेलं असतं, लोखंड दिसलं की ते उठतं आणि चांदीवर जाऊन बसतं. अकरा म्हणजे — सात. एक गिऱ्हाईक इतकं खूश झालं त्या गुलाबीवर, म्हणालं, अय्या, मला असेच सहा हवेत, सगळ्या भावजयांना. — नाही, हे आपलं मी वाढवलं. ती म्हणाली, हे काय केलंत. तीन दिवस घासत बसलो मऊ पॉलिशकागदाने आणि घरात माझ्याशी कोणी चकार शब्द बोललं नाही. घरात म्हणजे गुरुजींच्या घरात. तिथेच राहायचो ना मी. जेवणखाण सगळं तिथेच. जुनी पद्धत.

दिसत नव्हतं तर शिकवायचे कसे? त्यातच तर गंमत आहे. माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे, ही तुमच्या बाजूला आहे तशीच, आणि विचारायचे, आता कसं दिसतं? मी सांगायचं. झाळ नीट पसरावी म्हणून सांध्याला टाकणखार लावलेला असतो, हा बघा, कुंचल्याने असा — तो तापला की आधी बुडबुडतो, फुगतो, पांढराफेक होतो. मी म्हणायचं, पांढरं. ते म्हणायचे, फिरव ज्योत, एका जागी नको. मग तो खाली बसतो, ओल्या काचेसारखा होतो. मी म्हणायचं, काच झाली. ते म्हणायचे, आता जवळ आण. मग मंद लाली येते, अगदी मंद, म्हणून तर ह्या कोपऱ्यातला दिवा आम्ही काढून टाकलाय, उजेडात ती दिसत नाही. आणि लाली आली की झाळ लख्खकन सांध्यातून धावते, आणि मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज यायचा, बास. माझ्या श्वासावरून कळायचं म्हणे. ह्या ‘बास’च्या पुढे अर्धा श्वास गेला की वाटाणा.

आता माझी पंचाईत ऐका. मी सव्वीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. घरोघरी जाऊन. म्हणजे पहिली दोन वर्षं घरोघरी, पुढे कोपऱ्यावरच्या झाडाखाली बसून. मागचा आकडा बघायचा, थोडा वाढवायचा, ज्याचं कुत्रं अंगावर येतं त्याचा जास्त वाढवायचा. कधी तक्रार नाही. एकच आली, आणि ते घर चार वर्षं बंद होतं. तर असल्या माणसाला दिवसभर विचारायचं, कसं दिसतं, कसं दिसतं. एकदा समोरच्या गच्चीवर दोघींचं कपड्यांच्या दोरीवरून भांडण जुंपलेलं. फार सुंदर भांडत होत्या. मागून प्रश्न आला, कसं दिसतं? मी बघितलंच नव्हतं. म्हटलं, पांढरं. अंदाजाने. फिरव, म्हणाले. मी फिरवत राहिलो, गच्चीकडे बघत. खाली बघतो तर वाटाणा. आणि तो सरावाचा तुकडा नव्हता हो. त्यांच्या स्वतःच्या लहानपणचं वाळं होतं, आईने दिलेलं, जोडीतलं एकच उरलेलं. पहिलं खरं काम म्हणून माझ्या हातात विश्वासाने दिलेलं. गुरुजी उठले, वेणी मागे टाकली, विटेवर बोटं फिरवून तो वाटाणा चाचपला आणि —

काय? वेणी म्हणालो? दाढीची. दाढीची वेणी घालायचे ते. मघाशी गाठ म्हणालो? आधी वेणी, मग गाठ. ताई, असं रोखून बघू नका बरं, हातात तुमच्या जावेचं काम आहे.

ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, बाकी तू मला काय हवं ते सांग, लोक हसतात, मीही हसते. रंग तेवढा खोटा सांगायचा नाही. तेवढाच मला तुझ्याकडून घ्यावा लागतो. … हो. हसते. ऐकलंत तुम्ही. असू दे.

पेटवतो आता. दार लोटून घ्या, वाऱ्याने ज्योत हलते. दांडी बारीक आहे, तिला ज्योत द्यायची नाही, पहिली तीच वितळेल. फुलाला तापवायचं, गोल गोल, कडेकडेने — मागे? मागे कुठे बघतोय मी? सवय आहे. खुर्ची रिकामी असली की मान वळते. ताई, एक काम कराल? त्या खुर्चीत बसा. माझ्या मागे. मी रंग सांगतो, तुम्ही बास म्हणायचं. कधी म्हणायचं? तेच तर. ते मला सांगता आलं असतं तर तुम्हाला कशाला बसवलं असतं. तरी बसा. कोणीतरी असलं की बरं.

राखाडी. बुडबुडे आले. पांढरं — पांढरंच आहे, बघून सांगतोय. झाळेचा तुकडा सरकला थोडा, टाकणखार फुगला की सरकतो, थांबा, चिमट्याने — आला जागेवर. फिरवतोय. पांढरं बसतंय. काच. ताई, काच झाली. जवळ आणतो. लाली नाही अजून. नाही. नाही. थोडी… कडेला… आहे, आली —

…

बास.

कोण म्हणालं? तुम्ही? नाही? मग मीच म्हणालो वाटतं.

थांबा, हात लावू नका, पाण्यात जाऊ दे आधी. ऐकलंत, कसं चुरचुरलं? आता आंबट पाणी. तांब्याचा चिमटा, हा बघा, दाखवून घालतोय. जरा वेळ लागतो. तोवर — किती वेळा केलंय मी हे एकट्याने? नका ना विचारू. आज. तुमच्यासमोर. पहिल्यांदा. जावेचं आहे म्हणालात तेव्हा थोडा धीर आला, तुमचं स्वतःचं असतं तर नसतं धाडस झालं. रागावू नका, आधी बघा. दांडी पकडीत धरून थोडी पिळतो, तापल्यावर ती मऊ पडते, पिळली की कडक होते, आणि सांधा कच्चा असेल तर इथेच सुटतो. … नाही सुटला. ओढा तुम्ही. ओढा, जोरात. मी बघत नाही. आहे ना? फिरकी लावून बघा. बसली? धड कानातल्याशेजारी धरा. हं.

आता एवढं ऐकलंत तर खरंखोटं निवडून देतो. दाढी खोटी. वय खोटं, बावन्न आहे. तार खोटी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यात बाई. डोळ्यात सुई देतात म्हणे, गेलेलं परत येत नाही, उरलंय तेवढं राहील की नाही ते आज सांगणार आहेत. मला म्हणाली तू नको येऊस, दुकान उघडं ठेव, बंद दिसलं की लोक चौकशा करतात. खरं आहे तिचं. कळलं तर कोण देईल आपली चांदी तिच्या हातात? आणि हात अजून तिचाच आहे हो, शपथ — नको, शपथ राहू दे. मी नुसते रंग सांगतो. वाळं खरं. वाटाणा खरा, तो बाटलीत नाही, तो तिने कुठे ठेवलाय मला माहीत नाही. तुमच्या जावेला मी काही सांगणार नाही, तुम्ही बाहेर काही सांगणार नाही, बरोबर? काम कोणी केलं असं विचारलं तर बाईंनी.

गाडी थांबली का? थांबली. बहिणीचा आवाज आहे. हिचा येत नाही… उठा, ती खुर्ची सोडा. नाही, काही बोलू नका तिच्याशी, आवाजावरून तिला सगळं कळतं. माझाही बदलला असेल. बदललाय का? जा तुम्ही. पाच वाजायला आलेत, जा.