दलेंदाची सातवी बाटली

हॅलो? … कोण, नझीहा? बोल बाळ. … हो, अकराही वह्या तपासून झाल्या, गुणपत्रक सकाळीच पाठवलं. … वाचलंस म्हणून तर फोन केलास.

नाही, चष्मा होता डोळ्यांवर. … दलेंदाला वीसपैकी अठरा, बाकी दहा गटांना सहा-सहा. बरोबर वाचलंस.

अगं ऐक ना. आम्लाचा पाऊस मातीत मुरला की माती त्याचं काय करते, एवढंच बघायचं होतं. पाऊस म्हणून पाण्यात कालवलेला सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि पारखायला लाल कोबीचं पाणी. आम्ल असेल तर गुलाबी, नसेल तर निळं. … हो, तुलाही मीच शिकवलंय. मुख्याध्यापिका झालीस म्हणून विसरली नसशील. मग दहा गटांचं पाणी हिरवं कसं झालं ते सांग.

… छान कसलं? हिरवं म्हणजे आम्ल तर गेलंच, वर चुना उरला. इतका चुना मातीत आला कुठून? … आठव, घाई नाही. … पाहुणे येणार म्हणून गेल्या आठवड्यात शाळेच्या भिंतींना चुना कुणी मारून घेतला? … आणि पोरांनी माती कुठून उकरली? … भिंतीखालून. लांब जायचा कंटाळा. … हो, हो, निकाल दहाही जणांचा सारखा आला. भिंत एकच ना. सहा गुण दिलेत ते अक्षराचे.

दलेंदाने? तिने आजोबांच्या डाळिंबाच्या बागेतली आणली. … कारखान्याच्या मागची, धूर जिथे उतरतो तीच. आणि एकदा ओतून थांबली नाही. तीच माती, तिच्यावर पुन्हा पुन्हा सिरका, झिरपलेलं पाणी दर वेळी नव्या बाटलीत. सहा बाटल्या निळ्या, सातवी गुलाबी. खाली लिहिलंय, 'माती आम्ल मारते, पण कुठवर मारेल ते तिला विचारायला हवं.' … उद्धट? मला तर अदबीचं वाटलं.

… कळतंय. कारखान्याचे संचालक तासाभरात येणार, बक्षीस त्यांच्या हातून द्यायचं, आणि पहिली आलेली मुलगी ट्यूनिसच्या स्पर्धेला जाणार. … प्रयोगशाळेला काचेची भांडी देणार आहेत, तेही ऐकलं. देऊ देत की. भांडी आली की त्यांत काहीतरी ओतावं लागेलच.

… खोडायचं? खोड ना. बाजूला कारणाचा रकाना आहे, कारण लिही, सही कर. तू कारण सांग, पटलं तर मीही सही करतो.

… 'अक्षर वाईट'. तुझं कसं होतं, सांगू? … बरं, पुढचं. … 'गटाने करायचा प्रयोग एकटीने केला'. हे लिहिता येईल. पण बागेकडे वास मारतो म्हणून तिच्या गटात कुणी आलं नाही, हेही मग त्याच ओळीत लिही. … मावत नाही? मागे लिही.

… हळू बोल, ऐकतोय. … 'पाहुण्यांना वाईट वाटेल'. हं. हे खरं कारण. जसंच्या तसं लिही, शब्द बदलू नकोस. मी सही करतो.

… पेन सापडलं? … लिहिते आहेस की विचार करते आहेस? … कर. मी कुठे जात नाही.

… काय म्हणालीस? … राहू दे अठराच? … नाही गं, रागावलो नव्हतो. तुझ्यावर कधी रागावलोय? … बरं, तिला सांगितलंस? … आत्ता सांग. तिथेच आहे? दे तिच्याकडे फोन.

… दलेंदा? … हो, मीच. पहिली तूच. ट्यूनिसला तू जाणार. … वीस का नाहीत? अगं, सातव्या बाटलीला थांबलीस. पुढे काय होतं ते कुणी बघायचं? … सिरका संपला? स्वयंपाकघरातून माग. … कोण आलंय दारात? … संचालक आत्ताच आले? … मग थांबलीस कशाला? त्यांनाही बघू दे, आजोबांच्या बागेचे शेजारीच आहेत ते.

… मिळाला सिरका? … ओत. हळूहळू ओत. … मी ठेवतो फोन. तुला दोन्ही हात लागतील.