ओवीची झोप आणि आमची खाणाखुणांची भाषा

मला अजून कळलेलं नाही की माझं चुकलं कुठं. तुम्हीच सांगा.

बाळ झोपलं की घरात टाचणीसुद्धा पडता कामा नये, हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. ओवी जन्मली तशी मी दाराची बेल काढून ठेवली, कुकर बंद केला. बायकोशी बोलणं खाणाखुणांनी. असे चार महिने काढले, तरी पोरगी वीस मिनिटांत टक्क जागी!

मग पिंपळगावला सासूबाईंकडे गेलो. द्राक्षांचा सीझन, सासूबाई माल खोक्यांत भरायच्या पॅकहाउसला कामाला. नातीला घेऊनच गेल्या आणि तिथंच झोळी बांधली. मी धावत मागे. बघतो तर बायका एकमेकींना हाका मारतायत, चिकटपट्टी कर्रकर्र फाटतेय, टेम्पो मागे घेताना कुणीतरी पत्र्यावर धपाधप हात मारतोय. आणि ओवी दोन तास ढाराढूर!

मी कुजबुजलो, "आई, हिला काही दिलंत का?"

"काय द्यायचंय? आन् तुम्ही चोरावानी का बोलताय, जावईबापू?"

"ती उठेल ना!"

"आवाजानं नाय उठत ती. समदे गप झाले की तिला वाटतं, सोडून गेले. म्हणून बघायला उठती."

नाशिकला परत आल्यावर कुकर लावला. दुसऱ्या शिट्टीला पोरगी गाढ झोपली. आता आम्हाला मोकळेपणी बोलता येणार होतं. समोरासमोर बसलो, पण सुचेचना काही. शेवटी बायकोनं खुणेनंच विचारलं, चहा घेणार का?