दाजींचे एकशे चाळीस, माझे सात

आमचे दाजी एकदा नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी परत करायला निघाले होते, ते ऐकाच. त्यांची आणि माझी गाडी एकाच मॉडेलची. ते तिने रोज नाशिकहून ओझरला कारखान्यात जातात. एका रविवारी ते माझ्या गाडीत बसले आणि स्क्रीनवरचा सातचा आकडा पाहून त्यांचा चेहराच पडला.

"स्मिता, माझी गाडी एकशे चाळीस दाखवते! वीसपट वीज खाते की!"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी शोरूमला फोन लावून, "गाडी घेऊन जा," असं झापलंसुद्धा.

मी म्हटलं, "दाजी, माझी गाडी सांगते, एका युनिटमध्ये किती किलोमीटर धावली. तुमची सांगते, एका किलोमीटरला किती वॅट-अवर लागले. एक युनिट म्हणजे हजार वॅट-अवर. आता हजाराला एकशे चाळीसने भागा."

त्यांनी मोबाइलवर भागलं. "अगं, सातच की! वर थोडं जास्तच!"

तेवढ्यात शोरूमचा फोन आला. "साहेब, गाडी न्यायला माणूस निघालाय."

"नको, गाडी बरी झाली."

"कोणी दुरुस्त केली?"

दाजी ऐटीत म्हणाले, "मेहुणीने. भागाकार करून."