दादाची गाडी, बापाचा रस्ता

...नाही, नाही, त्या सायकलवाल्याला मी ओरडलोच नाही, हे आधी नीट ऐकून घ्या, म्हणजे तोंड माझंच होतं, ते मी नाकारत नाही, पण आवाज दादाचा होता, आणि दादाला जाऊन आता वर्ष होत आलं. हसू नका. उभा जन्म बातमीदारीत गेला माझा, पुराव्याशिवाय एक ओळ छापली नाही, आणि तुम्हाला सांगतो, भुताखेतांची बातमी घेऊन कुणी आलं तर त्याला मी जिन्यावरूनच परत पाठवायचो. आता मलाच कुणी जिना चढू देणार नाही!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे गाडी, माझ्याकडे सायकल, आणि दोघांत आयुष्यभर एकच भांडण. जेवायला बसलो की वहिनी पानं मांडायच्या आत हा सुरू, अरे पेपरवाल्या, वाहन कर भरतो मी आणि रस्त्याच्या मधून मिरवतोस तू, फुकट्या कुठला! मी म्हणायचो, अरे बाबा, तुझा कर जातो तिजोरीत, तिजोरीतून पगार होतात, शाळा चालतात, उद्घाटनाच्या फिती येतात, उरलंच काही तर डांबर. रस्ता सगळ्यांच्या खिशातून होतो, साबणाची वडी विकत घेणारी म्हातारीसुद्धा त्यात भर घालते, आणि खड्डे पाडायला म्हातारी जात नाही, तुझी गाडी जाते! यावर मी लेख किती लिहिले? दादाने एक वाचला असेल तर शपथ. म्हणायचा, तुझं वाचून चष्म्याचा नंबर वाढतो.

आणि मुद्दे संपले की त्याचं ठरलेलं वाक्य, ‘रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?’ आता सख्ख्या भावाचा बाप काढायचा म्हणजे... बाप एकच ना हो? त्यातून आमचा बाप सरकारी रोडरोलर चालवायचा. घरासमोरचा हा अख्खा रस्ता त्यानेच दाबलेला. म्हणजे रस्ता खरोखरच बापाचा होता, दोघांच्याही, पण भांडणाच्या भरात हे दोघांच्याही ध्यानात यायचं नाही. शेवटी वहिनीच आतून म्हणायच्या, वाटणी करून टाका एकदाची, डावी बाजू एकाला, उजवी दुसऱ्याला.

मग दादा गेला. दवाखान्यात, एक शब्द न बोलता... त्याला अजिबात न शोभणारं. गाडी दाराशी उभी. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, उभी राहून राहून गाडी मरते, तुमच्याच नावावर करून घ्या, रविवारी फिरवत जा, मीही बसेन मागे. नाही कसं म्हणणार?

बसलो. सीटला दादाच्या बैठकीचा हा एवढा खड्डा, तसा कुठल्या रस्त्यावरही नसेल! आरशात पाहावं तर तो त्याच्या उंचीला लावलेला, सगळीकडे त्याच्या सर्दीच्या मलमाचा वास. कोपऱ्यावर एक सायकलवाला आडवा आला, माझा जबडा आपोआप उघडला, आणि आतून आलं, ‘ए शहाण्या, कर भरतोस का? हो बाजूला!’ तोच खर्ज, शेवटी तोच खोकला. मला खोकला नाही हो! तोंड माझं, आवाज दादाचा. मागे पाहिलं तर वहिनी डोळे मिटून बसलेल्या. मला वाटलं, शरमल्या. मी माफी मागायला लागलो, तर त्या हळूच म्हणाल्या, ‘भाऊजी, तस्संच पुन्हा एकदा म्हणा ना.’

तेव्हापासून दर रविवारी हेच. आता तर सायकलवाले वहिनीच हेरून देतात, तो बघा डावीकडे चाललाय, सोडू नका! मी, ज्याने जन्मभर त्या सायकलवाल्यांची वकिली केली, त्यांच्यावरच दात-ओठ खाऊन खोटं ओरडतोय. एक मुलगी तर सायकल थांबवून म्हणाली, सर, तुमच्या लेखांची कात्रणं आहेत माझ्याकडे. काय सांगणार तिला? तोंड माझं, आवाज दादाचा?

मागच्या रविवारी घरासमोरच एक जण भेटला खमक्या. उतरून थेट खिडकीशी आला, रस्ता तुझ्या बापाचा आहे का म्हणाला. मी काच वर करायला लागलो, दादाचा तर पत्ताच नाही. तेवढ्यात मागची काच खाली. ‘हो, यांच्याच बापाचा आहे,’ वहिनी म्हणाल्या, ‘सासऱ्यांनी रोलरवर बसून केलाय. तुमचे वडील कुठे होते तेव्हा?’ तो बिचारा सायकल हातात धरून चालत गेला. आणि वहिनी हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा.

पण मी म्हटलं, बास. माणसाला काही तत्त्व असावं की नाही? वाहन कर भरायची वेळ आलीच होती, म्हणून चहाच्या वेळी विषय काढला, वहिनी, गाडी विकून टाकू या. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, विका, तुमची आहे. आणि मग... ‘डोळे मिटले की चेहरा दिसतो त्यांचा. आवाज मात्र आठवतच नाही हो, भाऊजी. तो रविवारीच येतो.’

आता यावर तत्त्व घेऊन काय करू? चाटू?

गेलो कर कचेरीत, राहिलो रांगेत. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, गाडी चालवतं कोण? सरकारी कामात खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, दादा.

‘मग भरायला त्यांनी यायचं ना.’

म्हटलं, ‘बाई, तो नुसता ओरडतो. भरतो मी.’