मोकळं टोक

वृंदा : नाही हो गुरुनाथ सर, परत तेच. आधी कापड अगदी सरळ चाललं. ड्रायर तापला, सुरकुत्या पडायला लागल्या आणि टर्रकन फाटलं.

गुरुनाथ : कॅमेरा रोलरवर धरा मॅडम. फोन हलवू नका हो, मला काही दिसत नाही.

वृंदा : धरलाय.

गुरुनाथ : रागावलो असेन तर सोडून द्या. राग तुमच्यावर नाही. पुण्याहून इतक्या लांब हे रोलर आणि ताण मोजायचे सेन्सर बसवायला आलो, आणि क्वारंटाइन म्हणून विमानतळावरून थेट जवळच्या स्वोर्ड्स गावातल्या हॉटेलात कोंडून घातलं. यंत्र तिकडं शहरापलीकडं सिटीवेस्टच्या कारखान्यात, आणि मी इकडं खिडकीतून पार्किंग बघत बसलोय. माझं ऐका, मी सुटेपर्यंत थांबा.

वृंदा : थांबता येत नाही. जेवणानंतर मॅनेजरबाई ट्रायल बघायला येतायत. ट्रायल फसली तर ही लाइन पोलंडला हलवणार. हॉस्पिटलच्या गाऊनचं कापड मग तिकडून येईल, आणि इथली माणसं घरी बसतील. शॉनने आयुष्यभर हेच एक मशीन चालवलंय. आणि वर मला धीर देतो, ‘इट्ल बी ग्रँड.’

गुरुनाथ : ग्रँड म्हणजे?

वृंदा : होईल सगळं ठीक. इथे सगळंच ग्रँड असतं. घराला आग लागली तरी.

गुरुनाथ : पण तुम्ही पडलात सॉफ्टवेअरवाल्या. पाना उलटा फिरला आणि सेन्सर दुखावला, तर दुसरा यायला किती आठवडे लागतील कोण जाणे.

वृंदा : म्हणूनच भीती वाटतेय. पण नुसती उभी राहिले तरी लाइन जाणारच आहे ना?

गुरुनाथ : ... एक मिनिट. घरून फोन येतोय. घ्यायलाच हवा.

वृंदा : घ्या, घ्या. मी आहे इथेच.

(काही मिनिटं फोन होल्डवर.)

गुरुनाथ : हं, बोला मॅडम.

वृंदा : आधी तुम्ही सांगा. घरी सरिताताईंची तब्येत कशी आहे?

गुरुनाथ : ऑक्सिजन काढला आज. उठून बसली म्हणे, पेज मागून घेतली. मी निघालो तेव्हा धड बोलवतही नव्हतं तिला. पूर्णिमा, माझी मुलगी, म्हणाली, बाबा जा, मी आहे आईपाशी. विमानात बसल्यापासून मनात एकच, आपण चुकलो की काय. आणि आज सरिता मलाच विचारते, यंत्र चाललं का?

वृंदा : किती बरं वाटलं ऐकून!

गुरुनाथ : मलाही. ...बरं, काय करत होतात इतका वेळ?

वृंदा : शॉनला सांगून रोलरवरचं सगळं कापड काढलं. ड्रायर चालू ठेवला. सर, कापड नसतानाही स्क्रीनवर ताण वाढतोय. जसजसं गरम होतंय तसतसा चढतोय. कापडच नाही, तर ताण कसला?

गुरुनाथ : काय म्हणालात? कापड नसताना?

वृंदा : हो. म्हणजे सेन्सर चढा आकडा सांगतो, माझ्या प्रोग्रॅमला वाटतं कापड जास्त ताणलंय, तो सैल सोडतो. म्हणून सुरकुत्या, आणि त्या अडकून कापड फाटतं!

गुरुनाथ : मॅडम, रोलरची दोन्ही टोकं करकचून आवळलीत का?

वृंदा : बसवताना फोनवर तुम्हीच म्हणालात, घट्ट करा.

गुरुनाथ : म्हणालो, खरंय. एक टोक घट्ट, दुसरं थोडं सरकतं ठेवायचं असतं. रोलर तापला की लांबीला वाढतो. दोन्हीकडून आवळलाय, तर वाढणार कुठं? सेन्सरलाच रेटतो. हे माझे हात आपोआप करतात हो, तोंडाने सांगायचं राहूनच गेलं. चूक माझी.

वृंदा : आता काय सोडू, ते सांगा.

गुरुनाथ : ड्रायर बंद. मशीनला कुलूप, किल्ली तुमच्या खिशात. रोलर निवू दे. मग शॉनला रोलर धरायला सांगा. तुमच्या डाव्या हाताचं टोक. बोल्ट काढायचा नाही, नुसता ढिला करायचा.

वृंदा : ...रोलर निवला. शॉन म्हणतोय पाना तो धरतो.

गुरुनाथ : तुम्हाला काय वाटतं?

वृंदा : मी करते. ...हलत नाहीये. ...हां! ढिला झाला.

गुरुनाथ : बास, बास. रोलर आडवा ढकलून बघा. केसभर सरकतो का?

वृंदा : सरकला! शॉन हसतोय.

गुरुनाथ : आता बोल्ट तिथंच टिकेल इतपत बसवा. रिकाम्या रोलरचा आकडा शून्यावर आणा, नेहमीचं वजन टांगून तपासा, मगच कापड चढवा. आणि मॅनेजरबाईंना सांगा, ड्रायर पूर्ण तापल्यावरच बघायला या.

वृंदा : त्या आल्याच आहेत. मागे उभ्या आहेत, हाताची घडी घालून.

गुरुनाथ : असू देत. तुम्ही रोलरकडे बघा.

वृंदा : वजन बरोबर आलं. कापड चढवलं. कुलूप काढलं. सुरू करतेय. ...ड्रायर तापतोय. ...आकडा जागेवर आहे. ...पूर्ण तापला. सर, आकडा हलत नाही! कापड बघा, एक सुरकुती नाही!

गुरुनाथ : आणि बाई?

वृंदा : कापडाला हात लावून बघतायत. म्हणाल्या, पोलंडचं तूर्तास राहू दे. आठवडाभर असंच चालवून दाखवा. शॉन चहा ठेवायला पळाला! सर? ऐकताय ना?

गुरुनाथ : ऐकतोय. वृंदाताई, फोन मशीनजवळच राहू द्या जरा. बोलू नका काही. नुसता आवाज ऐकू दे.