तिला सांग, सीटला हात लावायचा नाही

...आणि वर मलाच विचारतात, तुला काय कळतं त्यातलं. मला काय कळतं? आता तुम्हीच सांगा, आठ महिने झाले, मी गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात दिवसभर पालथी पडलेली असते, अर्धी गाडीत अर्धी गाडीबाहेर, दातांत टेस्टर, केसांत चिकटपट्टीचे तुकडे, आणि आमच्याच घरच्या गाडीची सीट बिघडली तर तज्ज्ञ म्हणून बोलावतात कुणाला, तर मामाला. मामाचं गाद्यांचं दुकान आहे. हो, गाद्यांचं. बसायच्या वस्तूतलं त्याला कळतं, असं आमच्या घरात धरून चालतात. मी समोर उभी आहे, हातात स्क्रूड्रायव्हर आहे, आणि बाबा आईला काय सांगतात? ‘तिला सांग, सीटला हात लावायचा नाही.’

आईला सांगतात. मला नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी.

तुम्हाला सांगते, कॉलेज सोडलं त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याविषयी बोलतात, भरपूर बोलतात, शेजारी, नातेवाईक, दूधवाला, कुणालाही वगळत नाहीत, पण माझ्याशी नाही. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष होतं. का सोडलं? तीन वर्षांत एक मोटर उघडून बघितली नाही हो आम्ही. फळ्यावर काढली, वहीत काढली, पेपरात काढली, पंधरा मार्कांची. प्रयोगशाळेत खरी मोटर होती, तिला कुलूप होतं, आणि किल्ली ज्या सरांकडे होती त्यांना ती उघडायची भीती वाटायची. मी हे घरी सांगितलं तर बाबा आईला म्हणाले, ‘तिला सांग, आधी डिग्री घे म्हणावं, मग काय उघडायचं ते उघड.’ तेव्हापासून सगळं आईमार्फत. ‘तिला सांग, जेवायला बस म्हणावं.’ ‘तिला सांग, पंखा बंद कर म्हणावं.’ आणि लहानपणापासूनचं त्यांचं आवडतं, ‘तिला सांग, सरळ बस म्हणावं.’ पूर्वी हे निदान थेट म्हणायचे. मी दुसरीत असल्यापासून म्हणतायत. पोक काढू नकोस, रेलू नकोस, सरळ बस. त्या माणसाला जगात काही ढिलं दिसलं की चैन पडत नाही.

रेकॉर्ड विभागात तीस वर्षं फायली बांधल्यात त्यांनी. पांढरी नाडी, दोन निरगाठी, आणि उरलेली टोकं कात्रीनं अगदी सारखी कापलेली. घरातही तेच. केरसुणी बांधलेली, जुनी बिलं बांधलेली, टीव्हीमागच्या वायरी बांधलेल्या. माझी तीन वर्षांची पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवलीत, उद्या तिला अक्कल आली तर सोडता येतील म्हणून.

तर ही गाडी. सेकंडहँड, पण मोठी, आणि ड्रायव्हरची सीट बटणावर चालणारी. बाबांनी घेतलीच त्यासाठी. सीटच्या कडेला बटणं, पुढे, मागे, वर, खाली, रेलायला वेगळं, आणि दारावर एक, दोन, तीन असे आकडे. आपल्याला हवी तशी सीट लावायची, मग आकडा पक्का करायचा, की पुढच्या वेळी नुसता आकडा दाबला तरी सीट आपली आपण तिथे जाऊन उभी. एक नंबर बाबांचा. साहजिकच. बाबा उंच आणि मधल्या भागात भरपूर, त्यामुळे एक दाबला की सीट पार मागे. दोन नंबर आईचा. आई एवढीशी, दोन दाबला की सीट पार पुढे आणि वर, आई अशी गाडीच्या काचेला भेटायला आल्यासारखी बसते. आणि तीन नंबर कुणाचा? मी आईला विचारलं, आईनं बाबांना विचारलं, बाबा म्हणाले, ‘तिला सांग, तो रिकामा आहे. पाहुण्यांसाठी.’

गाडी चालवायला कोणते पाहुणे येतात हो कुणाकडे?

मग एका सोमवारी आईनं दोन दाबला. सीट सरकत सरकत पुढे आली, अगदी शेवटाला टक असा आवाज झाला, आणि खलास. आई जाऊन आली, तिला काय, ती तिच्या जागेवर. पण मंगळवारी सकाळी बाबा निघाले ऑफिसला. एक दाबला. सीट ढिम्म. परत दाबला. परत. बटण काय लिफ्टचं आहे, सारखं दाबलं तर लवकर येईल? शेवटी घुसले तसेच. कसे घुसले ते मला विचारू नका, आधी एक पाय, मग पोट, मग श्वास आत घेऊन उरलेले बाबा. गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना, डोकं छताला, आणि पोट हॉर्नवर. वळण आलं की हॉर्न, ब्रेक दाबला की हॉर्न, श्वास सोडला की हॉर्न. आमच्या गल्लीतून असे वाजत वाजत गेले की लोक वाट देऊन उभे राहिले. संध्याकाळी तसेच वाजत परत. आणि घरात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य आईला, ‘तू काहीतरी भलतंच दाबलंस.’

आई म्हणाली, ‘दोन दाबला.’

‘दोनच दाबला असतास तर बिघडली असती का?’

आई स्वयंपाकघरात गेली. आई गप्प बसली की आमच्या घरात भांड्यांचा आवाज वाढतो.

मी म्हटलं, मी बघते. मला कळतं. तेव्हा आलं ते, ‘तिला सांग, सीटला हात लावायचा नाही.’ आणि पाठोपाठ दुसरं, जे बहुधा महिनाभर तयारच होतं, ‘आणि तिला हेही सांग, एक तारखेपासून ते वायरिंगचं दुकान बंद. कॉलेजला जायचं नसेल तर मामाच्या दुकानात उभी राहा म्हणावं.’

गाद्यांच्या दुकानात. मी. आयुष्यभर. गिऱ्हाईक आलं की गादीवर आडवी होऊन दाखवायचं, बघा ताई, पाठीला किती आराम आहे. तुम्हाला सांगते, त्या वायरिंगच्या दुकानात पहिल्यांदा मला कुणीतरी खरी मोटर हातात दिली होती. आमचे मालक, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, पहिल्या दिवशी म्हणाले, उघड, बिघडलेलीच आहे, आणखी काय बिघडवशील? हे वाक्य मला तीन वर्षांत एका प्राध्यापकानं म्हटलं नव्हतं. ते दुकान मी सोडणार नव्हते. मी आईला म्हटलं, त्यांना सांग, मी सीट चालू केली तर मामाचं दुकान रद्द. नाही झाली तर एक तारखेला मी स्वतः गादीवर जाऊन झोपते.

बाबा पेपरामागून म्हणाले, ‘तिला सांग, आधी मामा बघेल.’

रविवारी मामा आला. सीटवर बसला, दोनदा उडी मारली, आणि म्हणाला, ‘फोम बसलाय.’

‘मामा, सीट सरकत नाहीये.’

‘तेच म्हणतोय. आतून बसला की जडपणा येतो. आमच्या डबल गाद्यांना होतं.’

तेवढ्यात शेजारचे पुस्तक काका आले. हे काका कुठल्याही यंत्राचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचतात, म्हणून पुस्तक काका. आमच्या गाडीचं पुस्तक त्यांच्याचकडे असतं. उभ्या उभ्या सुरू, ‘प्रकरण पहिलं. गाडी खरेदी केल्याबद्दल आपले अभिनंदन.’

म्हटलं, काका, सीटचं पान काढा ना.

‘क्रमानं जाऊ. तुमच्या पिढीचा हाच दोष आहे, मधूनच सोडता.’

बघितलंत? सीट बिघडली बाबांची, टोमणा मला. मग मामा म्हणाला मोटर जळली, काका म्हणाले मोटर जळल्याचा उल्लेख अजून आलेला नाही, बाबा म्हणाले पूर्ण सीटच नवी बसवू, आणि या तिघांपैकी एकानंही अजून वाकून खाली बघितलेलं नव्हतं. वाकवत नव्हतं, हे खरं कारण. आई दारात उभी होती, हात पुसत. ती एवढंच म्हणाली, ‘बघू दे तिला. माझ्यावर आळ आहे.’

बाबांनी एकदा मामाकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग, ‘तिला सांग, काही तोडू नकोस म्हणावं.’

झालं. हीच परवानगी.

उस्तादांची पद्धत अशी, आधी ऐकायचं, मग बघायचं, हात सगळ्यात शेवटी. मी छतावरचा दिवा लावला आणि मामाला म्हटलं, बटण दाब आणि गप्प बस. दिवा किंचित मंद झाला असता तर मोटर वीज ओढतेय पण अडकलीय. दिवा जसाच्या तसा. मोटरीचा आवाज नाही, गुरगुर नाही, काही नाही. पुढे-मागे मेलेलं, वर-खाली मेलेलं, रेलणंही मेलेलं. म्हटलं, सगळ्या मोटरी एकाच दिवशी जळत नाहीत, त्यांचं काय एकत्र कुटुंब आहे? वीजच पोचत नाहीये. फ्यूज काढून बघितला, धडधाकट. म्हणजे फ्यूज आणि सीट यांच्या मधे कुठेतरी.

सीट पुढे अडकलेली, त्यामुळे मागून आत शिरायला मोकळी जागा. पडले पालथी, टॉर्च दातांत. सीटखाली गाडीच्या जमिनीतून वायरींचा जुडगा वर येतो. जाड लाल वायरीला टेस्टर लावला, जमिनीजवळ टेस्टरचा दिवा लागला. वीतभर वर लावला, नाही लागला. वीतभरातच सापडली मेख. टॉर्च जवळ नेला.

पांढरी नाडी.

दोन निरगाठी. टोकं अगदी सारखी कापलेली.

तुम्हाला सांगते, मी तशीच पडून राहिले. तो जुडगा मुद्दाम लोंबता ठेवलेला असतो हो. सीट पुढे जाणार, मागे येणार, म्हणून त्याला झोळ देतात. ती ढिलाई बनवणाऱ्यानं विचार करून दिलेली असते. आणि आमच्या बाबांनी आदल्या रविवारी गाडी झाडताना ते लोंबणं बघितलं, त्यांचा जीव कासावीस झाला, आणि त्यांनी जुडगा ओढून जमिनीलगतच्या लोखंडी पट्टीला करकचून बांधला. फायलीसारखा. सोमवारी आईनं दोन दाबला, सीट पार पुढे गेली, वायरीला जायला जागा नाही, तुटली. टक.

वर तिघांचं चालूच होतं. काका प्रकरण दुसऱ्यावर होते. मी म्हटलं, आता बॅटरी काढते, दहा मिनिटं कुणी काही दाबायचं नाही, सीटच्या कुशीत एअरबॅग असते, चुकून फुटेल. मामा दोन पावलं मागे सरकला. त्या दहा मिनिटांत माझ्या हातात ती नाडी होती, आणि मी भाषण तयार करत होते. आठ महिन्यांचं भाषण होतं ते. सगळ्यांसमोर नाडी वर धरायची आणि म्हणायचं, आई, त्यांना सांग, हे काय आहे म्हणावं. त्यांना सांग, प्रत्येक ढिली गोष्ट बांधायची नसते म्हणावं. मामासमोर, काकांसमोर. अशी संधी परत येते का?

वायर सोलली, जोडली, कथलाचा डाख दिला, वरून नळी चढवली. बॅटरी लावली. बटण दाबलं, आणि सीट गुरगुरत मागे निघाली. मामा म्हणाला, ‘बघ, फोम मोकळा झाला.’ काकांनी पुस्तकात बोट घालून पुस्तक मिटलं, जरा नाराजच झाले, त्यांचं पान यायचं राहिलं.

आणि मी बाहेर आले, भाषण तोंडात, आणि बघते तर बाबा त्या मागे जाणाऱ्या सीटकडे बघत होते. नुसते बघत होते. त्यांच्या शर्टावर, बरोबर पोटावर, हॉर्नच्या बटणाचा गोल डाग होता. मंगळवारपासून रोज पडत असणार, आईनं धुतला असणार, परत पडला असणार. काय झालं कुणास ठाऊक. नाडी खिशात कोंबली आणि मी म्हटलं, ‘आई, त्यांना सांग, उंदरानं वायर कुरतडली होती.’

मामानं गाडीखाली वाकून उंदीर शोधला. तेव्हा बरं वाकवलं त्याला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. नाडीचं टोक बाहेर लोंबत होतं.

‘उंदीर निरगाठ मारत नाही,’ बाबा म्हणाले.

मला म्हणाले. थेट. आई मधे नव्हतीच. आठ महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि तेही उंदराबद्दल. मग घसा खाकरून म्हणाले, ‘एक तारखेचं राहू दे,’ आणि आत गेले.

म्हटलं, सुटलो. सगळं सुरळीत. पण आमच्या घरात असं होतं का कधी? आई दारातून माझ्याकडे वळली, आवाज एकदम थंड. म्हणाली, ‘तुझ्या बाबांना सांग, मी दोनच दाबला होता म्हणावं.’

तेव्हापासून चार दिवस झाले. ‘त्यांना सांग, जेवायला या म्हणावं.’ ‘तिला सांग, चहा ठेव म्हणावं.’ आणि मधे मी, हातात टेस्टर.

बरं, बॅटरी काढल्यामुळे सीटचे सगळे आकडे पुसले गेले होते. सोमवारी सकाळी बाबा लवकर उठून एकटेच गाडीत जाऊन बसले, अर्धा तास. संध्याकाळी मी कामावरून आले तर गाडीच्या दारावरच्या तीन नंबरजवळ छोटी कागदाची पट्टी, रेकॉर्ड विभागाच्या अक्षरात, माझं घरातलं लाडाचं नाव. पाहुण्यांचा आकडा मला. खरं सांगते, दोन मिनिटं गाडीबाहेरच उभी राहिले. मग बसले आणि तीन दाबला.

सीट पुढे आली. वर आली. आणि पाठ उभी होत गेली, होत गेली, आता थांबेल म्हणते तर आणखी उभी, शाळेच्या बाकासारखी, ताठ, काटकोनात. रेलायला बोटभर जागा नाही.

बदलायला मला दोन सेकंद लागतात हो. हेच काम आहे माझं. पण नाही बदलला. आज आईला बाजारात घेऊन गेले तशीच, परेडला निघाल्यासारखी. शेवटी म्हटलं, ‘आई, त्यांना सांग ना, पाठ दुखतेय म्हणावं.’

आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ‘तूच सांग. माझं त्यांच्याशी बोलणं बंद आहे.’