सुपारी फुटायच्या आधी

नको, नको, नखानं दाबू नको, मोनिका — गरम हाय ते अजून. ओव्हनमधून काढल्या काढल्या ही माती मऊच लागती, निवल्यावर टनक हुती. बस त्या खुर्चीवर. भाईरचं भाईर बघतील — तुझे वडील, चुलते, माझा ल्योक कल्यान. खर्ड्याहून घर बघायला आलात म्हनल्यावर आधी चहा, मग ऊस किती, पानी किती, आन मग कुठं सुपारी फुटायची. एकदा फुटली की लगीन ठरलं. तवर तुझ्यासाठी केलेला दागिन्यांचा सेट दावते. शेतातली माती न्हवं ही, पाकिटात येती, पिलास्टिकवानी — मोबाईलमधी बघून शिकले मी. हा झुमका घे, कालचा हाय, निवलेला. ह्याला पान्यात धरून पॉलिश पेपर मारायचा, आधी चारशेचा, मग हजाराचा, मग दोन हजाराचा. पान्यातच का? अगं, कोरडं घासलं की धूळ नाकात जाती. मग जीन्सच्या फडक्यानं घासत बसायचं — कल्यानचीच जुनी पँट हाय ही — आन वर वार्निशचा पातळ हात. बघ कसा चमकतोय.

काय बघतीस? हां, हाराची दोन पानं तुटल्यात. पडला हातातनं. — न्हाई, पडला न्हाई. लई बारीक नजर हाय गं तुझी. परवा ह्योच हार घासत बसले हुते, जेवायला वाढायला उशीर झाला, तर कल्याननं हिसकला आन भिंतीवर हानला. हारच फकस्त? व्हय, हारच. — आन माझ्या कानशिलात एक. दोन दिल्या. दिवसभर ट्रॅक्टरवर ऊस वाहतो श्रीगोंद्याला, गडी मानूस, डोकं तापतं — असं मी समद्यांना सांगते. आरतीच्या आईलाबी हेच सांगितलं हुतं.

आरती म्हनजे त्याची पहिली. तुमाला काय सांगितलंय? तिचं मन लागंना घरात, म्हनून सोडचिठ्ठी झाली, असंच ना? मध्यस्थाला तसं सांगायला मीच लावलं. खोटं हाय, पोरी. लई मन लागायचं तिचं. ही माती तिनंच आनली ह्या घरात, तिच्याकडनंच शिकले मी, मोबाईल-बिबाईल काय न्हाई. एक दिस ऑर्डर द्यायची हुती, कल्यान भाकरीसाठी वरडत आला, तर तिनं घाईघाईनं ओव्हनचा काटा वाढवला. ह्या मातीला एकशेतीसच्या वर सोसत न्हाई — करपली, घरभर घान धूर. कल्यान उठला. तिचं मनगट धरलं आन ओव्हनमधल्या तापल्या फरशीवर तळवा दाबला. दाबूनच धरला. कातडं चिकटलं गं — सोडवताना निघून आलं. ती आत्या, आत्या करत मलाच हाका मारत हुती. आन मी काय केलं? दार लावलं. शेजारी ऐकतील म्हनून दार लावलं, टीव्हीचा आवाज वाढवला. मेले असते तर बरं झालं असतं तवा.

रडू नको. न्हवतंच सांगायचं मला. नातवाचं तोंड बघायचं हुतं, म्हनून तोंड शिवून बसले हुते — हावरी मी. पन तुझे हे हात बघितले आन तोंड उघडलं.

ऐक — चुलते हसत्यात तुझे, सुपारी मागवली वाटतं. न्हाई, न्हाई, तू काय बोलायचं न्हाई! तू नकार दिलास तर तुझ्या मागं येईल तो. आरतीच्या माहेरी गेल्ता तसा, कोयता घेऊन. तिच्या भावाची दोन बोटं तोडली. नकार मी देनार. मग काढू दे राग माझ्यावर, माझ्या पोटचा हाय. नाव तुझं खराब हुईल चार दिस, हात तर शाबूत ऱ्हातील. तो वरवंटा दे हिकडं. दे म्हनते ना! हा गेला झुमका — हा दुसरा — हा हार — मरू दे, पंधरा दिस घासलाय — भुगाच करते त्याचा! आता दंड धरते तुझा, जरा दुखंल, सोस.

अवो पावनं! उठा, उठा तिथनं! सेट फोडला हिनं माझा, वर तोंड करून बोलती! असली उद्धट पोरगी नको मला सून म्हनून, सुपारी ठेवा खिशात तुमची! — कल्यान, तू गप! मधी येऊ नको, आई मी हाय का तू? — मारतोस? मार, पावन्यांम्होरं मार, बघू दे त्यांना! — तू काय बघत हुबी ऱ्हायलीस गं, भवाने? नीघ! गाडीत जाऊन बस! नीघ म्हनते ना!